दगडापेक्षा वीट मऊ, पण किती?

‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण आपण दोन वाईट पर्यायांतला त्यातल्या त्यात बरा निवडताना वापरतो. इंजिनिअरच्या नजरेनं वाचली तर ती एक मोजणी आहे, पण अर्धवट. वीट मऊ आहे एवढं कळतं, किती मऊ ते कळत नाही. दुसरी म्हण आहे ‘मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये’. तिच्यात तर प्रयोगाची सगळी कृतीच आहे. एक टोक घ्यायचं, दाब द्यायचा, खड्डा किती पडतो ते बघायचं. जगभरातल्या प्रयोगशाळांनी विसाव्या शतकात नेमकं हेच केलं, फक्त कोपराच्या जागी पोलादी गोळी आणि हिरा आला.

कठीणपणा, म्हणजे ज्याला कारखान्यात सगळे सरळ ‘हार्डनेस’ म्हणतात, तो मोजायला माणूस कसा शिकला, याची ही गोष्ट आहे. ती मी सोलापूरच्या बाजूनं सांगणार आहे. या शहरानं आधी सूत कातलं, मग चादरी विणल्या, आणि आता ते गाड्यांच्या इंजिनांचे भागही ओततं. तिन्ही कामांत कुठेतरी हाच प्रश्न येतो की समोरची वस्तू नेमकी किती मऊ असायला हवी.

९एच नावाचा गोंधळ

सुरुवात खिशातल्या फोनपासून करू. सोलापूरच्या नवी पेठेत, किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात, टेम्पर्ड ग्लास मागा. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘९एच’ लिहिलेलं असतं. दुकानदार सांगतो की हिऱ्याच्या खालोखाल आहे. त्याला तसंच सांगितलेलं असतं, आणि आपल्याला शाळेतला एक तक्ता अंधुक आठवत असतो, ज्यात हिरा १० वर होता. म्हणजे ९ एकदम भारी.

तो तक्ता फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञानं १८१२ मध्ये मांडला. त्यानं दहा खनिजं ओळीनं लावली. तळाला शंखजिरं, मग जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपेटाइट, फेल्डस्पार, सातव्या पायरीवर गारगोटी, आठव्यावर पुष्कराज, नवव्यावर कुरुंद आणि दहाव्यावर हिरा. नियम सोपा होता, जो ओरखडतो तो वरचा आणि ज्याच्यावर ओरखडा उठतो तो खालचा. आपलं नख जिप्समवर ओरखडा काढतं, कॅल्साइटवर काढू शकत नाही, म्हणून ते अडीचच्या आसपास. यूट्यूबवर नवा फोन आला की टोकदार पेनांनी त्याची काच ओरखडून दाखवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ती पेनं मोसच्याच पायऱ्यांची असतात आणि काच बहुतेक वेळा सहा-सातच्या दरम्यान हार मानते. खिशातल्या धुळीत गारगोटीचे कण असतात, म्हणजे सात. फोन न पडताही काचेवर बारीक रेषा का उठतात, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

टेम्पर्ड ग्लासवरचा ९एच मात्र मोसचा नाहीच. तो पेन्सिलीचा आहे. चित्रकलेच्या पेन्सिली ९बी पासून ९एच पर्यंत असतात आणि ९एच सगळ्यांत कठीण. रंगाचा थर किती टिकाऊ आहे हे बघायला ठरावीक कोनात आणि ठरावीक दाबानं अशा पेन्सिली ओढण्याची एक चाचणी आहे. ९एचचा अर्थ इतकाच की सगळ्यांत कठीण पेन्सिलीनंही या पृष्ठभागावर ओरखडा उठला नाही. पेन्सिलीत ग्राफाइट आणि माती असते, कुरुंद नव्हे. पाकिटावरचा आकडा खोटा नाही, पण पट्टी सांगितलेली नाही. पट्टी सांगितली नाही की ऐकणारा आपल्याला ठाऊक असलेली पट्टी लावतो.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे नुसता ९ हा आकडा कोणी स्वीकारत नाही. तो नऊ सेकंद आहे, नऊ रुपये आहे की नववा क्रमांक आहे, हे सांगावं लागतं, नाहीतर प्रोग्राम कधीतरी भलत्याच ठिकाणी कोसळतो. कठीणपणाचा सगळा इतिहास म्हणजे ९ च्या पुढे काय लिहायचं हे ठरवत जाण्याचा इतिहास आहे.

मोसची आणखी एक अडचण होती. त्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नव्हत्या. कुरुंद आणि हिरा यांच्यात एकाच पायरीचं अंतर दिसतं, पण प्रत्यक्षात हिरा कुरुंदापेक्षा कितीतरी पटींनी कठीण आहे. म्हणजे मोसनं आपल्या म्हणीला शिस्त लावली, तिची ‘किती’ची जागा त्यालाही भरता आली नाही.

जुन्या मिलमधले रोलर

सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. नाव शोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, पण पुढे सगळं शहर तिला जुनी मिल म्हणू लागलं. त्यानंतरच्या तीसेक वर्षांत लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू आणि जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. आसपासच्या मुलखातला कापूस, रेल्वे आणि दुष्काळात गाव सोडून आलेली माणसं, या तिन्हींवर शहर वाढलं.

सूतगिरणीच्या पोटात कठीणपणाचा एक सुंदर प्रश्न दडलेला असतो. पिंजलेल्या कापसाची जाड, सैल वात घेऊन तिला ओढून बारीक करायचं, मग पीळ द्यायचा, हे कताईचं सार. ओढण्याचं काम रोलरच्या जोड्या करतात. मागची जोडी हळू फिरते, पुढची जलद. दोन्हींच्या मध्ये तंतू एकमेकांवरून सरकतात आणि वात बारीक होते. रिचर्ड आर्कराइटनं १७६९ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राचं मर्म हेच होतं. प्रत्येक जोडीत खालचा रोलर खाचा असलेला, धातूचा. वरचा मात्र मऊ हवा.

का? दोन्ही कडक असतील तर त्यांची पकड एका बारीक रेषेवरच होते. काही तंतू दाबले जातात, काही निसटतात, आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक येतं. वरचा रोलर थोडा दबणारा असेल तर रेषेचा पट्टा होतो आणि जास्त तंतू धरले जातात. पण फारच मऊ असेल तर तो लवकर झिजतो, त्याच्यावर चर पडतात, तंतू त्याला गुंडाळले जातात. म्हणजे एक नेमका मऊपणा हवा.

आर्कराइटपासून पुढे दीडशेहून अधिक वर्षं हा मऊपणा चामड्यातून मिळवला गेला. लोखंडी रोलरवर लोकरी कापडाचा थर, त्यावर मेंढीच्या कमावलेल्या कातड्याची नळी. मोठ्या गिरण्यांत यासाठी रोलर कव्हरिंग नावाचं वेगळं खातंच असे. कातडं एकसारखं आहे का, सांधा उंच राहिला आहे का, हे ठरवायला अंगठा, नख आणि वर्षानुवर्षांचा सराव एवढीच साधनं होती. जुनी मिल सुरू झाली तेव्हा लोखंडाचा कठीणपणा मोजायचं सर्वमान्य यंत्रही जगात नव्हतं, तर चामड्याचं कुठून असणार?

गोळी, सुळका आणि घड्याळ

ते यंत्र स्वीडनमधून आलं. फागेर्स्टा नावाच्या गावातल्या लोखंड कारखान्याचा मुख्य अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल यानं १९०० मध्ये एक साधी युक्ती मांडली. १० मिलिमीटर व्यासाची कडक पोलादी गोळी घ्यायची, ३००० किलोच्या भारानं ती धातूवर दाबायची, मग काढून घ्यायची आणि उरलेल्या खळग्याचा व्यास भिंगातून मोजायचा. भार भागिले खळग्याचं क्षेत्रफळ म्हणजे ब्रिनेल आकडा. इथे पहिल्यांदा ‘किती’ला कारखान्यात वापरता येईल असं उत्तर मिळालं. त्याच वर्षी पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि ब्रिनेलची पद्धत तिथून बाहेर पसरली.

पण प्रत्येक खळगा भिंगातून मोजायला वेळ लागायचा. शिवाय पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड केलेल्या पोलादावर गोळी स्वतःच चपटी व्हायची. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका बॉल बेअरिंग कारखान्यात ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांना हीच अडचण होती. त्यांना बेअरिंगच्या कड्या पटापट तपासायच्या होत्या. १९१४ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला, १९१९ मध्ये ते मिळालं. त्यांनी खळग्याचा व्यास सोडून दिला आणि खोली धरली. आधी १० किलोचा छोटा भार देऊन टोक पृष्ठभागावर बसवायचं, तिथे शून्य मानायचं. मग मोठा भार द्यायचा, काढायचा, आणि टोक किती जास्त आत राहिलं ते डायलवर वाचायचं. भिंग नको, गणित नको. मेकॅनिकल केलेल्या बहुतेकांनी कॉलेजच्या लॅबमध्ये हा डायल पाहिलेला असतो. त्याच्या सी पट्टीवर हिऱ्याचा १२० अंशांचा सुळका असतो, एकूण भार १५० किलो, आणि प्रत्येक अंक म्हणजे एका मिलिमीटरचे दोन हजारांश. ६० एचआरसी म्हणजे टोक ०.०८ मिलिमीटर जास्त आत गेलं. डोक्यावरच्या केसाच्या जाडीइतकं.

मऊ धातूंसाठी बी पट्टी आली, तिच्यात हिऱ्याऐवजी छोटी गोळी. पुढे प्लास्टिकसाठीही गोळ्या आणि भार बदलून वेगळ्या पट्ट्या झाल्या. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीत हिऱ्याचा चौकोनी मनोरा वापरणारी पद्धत निघाली. ती पातळ पत्र्यालाही चालते आणि अतिशय कडक पोलादालाही.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. दाब काढल्यावर खूण उरली पाहिजे. आणि रबर नेमकं तिथेच फसवतं.

रबर खूण ठेवत नाही

खोडरबरावर गोळी दाबा आणि उचला. काहीच उरत नाही. ब्रिनेलच्या हिशोबानं खळगा शून्य, म्हणजे कठीणपणा अनंत! खोडरबर हिऱ्यापेक्षा कठीण आहे असं कोणीही म्हणणार नाही, पण यंत्र म्हणेल, कारण त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे. धातूला आपण विचारतो, ‘दाब गेल्यावर तू किती बदललास?’ रबराला विचारायचं असतं, ‘दाब असताना तू किती आत येऊ देतोस?’

दुसरा प्रश्न विचारणारं सुटसुटीत यंत्र आल्बर्ट शोर या अमेरिकन माणसाच्या नावानं ओळखलं जातं. शोरनं आधी धातूंसाठी एक मजेदार यंत्र केलं होतं. त्यात हिऱ्याचं टोक असलेला छोटा हातोडा नळीतून खाली पडतो आणि किती उसळतो ते वाचायचं. १९२० च्या दशकात त्याचा ड्युरोमीटर आला. तळहातात मावणारा डायल, खाली बाहेर आलेली अडीच मिलिमीटरची पिन, आत स्प्रिंग. रबरावर ठेवून सपाट दाबायचा. पिन पूर्ण बाहेरच राहिली तर ०, पूर्ण आत ढकलली गेली तर १००. वजनं नाहीत, टेबल नाही, वीज नाही.

मऊ रबरासाठी ए पट्टी, तिची पिन शंकूची पण टोक सपाट कापलेलं. कडक रबर आणि प्लास्टिकसाठी डी पट्टी, तिची पिन टोकदार आणि स्प्रिंग बरीच जास्त ताकदीची. रबरबँड शोर ए पट्टीवर साधारण २५ भरतो. गाडीच्या टायरचा जमिनीला टेकणारा भाग ७० च्या आसपास. बांधकामावरचं हेल्मेट ए पट्टीवर मोजण्यात अर्थ नाही, ते डी पट्टीवर ७५ च्या आसपास येतं. ‘७० चं रबर’ आणि ‘७५ चं प्लास्टिक’ एवढंच ऐकलं तर दोन्ही शेजारी वाटतील. पट्टीचं नाव कळलं की एक दबतं, दुसरं डोकं वाचवतं.

रबर आणखी एक लबाडी करतं. पिन टेकवल्यावर आकडा स्थिर राहत नाही, हळूहळू खाली येतो, कारण रबर दाबाखाली सावकाश सरकत राहतं. म्हणून आकडा किती सेकंदांनी वाचायचा हेही ठरवावं लागलं. नमुना पातळ असेल तर पिनला खालच्या टेबलाचा कडकपणा जाणवतो, म्हणून किमान ६ मिलिमीटर जाडी ठरली. तापमान ठरलं. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये घेतलेला आकडा आणि थंड प्रयोगशाळेतला आकडा एक येणार नाही. भारतात या अटी आयएस ३४०० या मानकाच्या दुसऱ्या भागात लिहिलेल्या आहेत. मानक वाचायला रुक्ष असतं, पण त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे कधीतरी दोन माणसांचं एकाच तुकड्यावरून झालेलं भांडण असणार, असं मला नेहमी वाटतं.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून गिरण्यांच्या रोलरवरचं चामडं गेलं आणि कृत्रिम रबराच्या नळ्या आल्या. त्यांना गिरणीच्या भाषेत कॉट म्हणतात. त्यांना सांधा नसतो. आता रोलरचा मऊपणा अंगठ्यावर नाही, शोर ए वर बोलला जाऊ लागला. पुढच्या रोलरवर, जिथे सूत शेवटचं ओढलं जातं, ६५ ते ७० च्या आसपासची मऊ कॉट बरी, मागे ८० च्या पुढची कडक चालते, अशी चर्चा सूतगिरण्यांत आजही होते. कॉट वापरून वापरून कडक होते, तिचा वरचा थर घासून काढावा लागतो. त्याला बफिंग म्हणतात. बफिंग कधी करायचं हा खर्चाचा प्रश्न आहे, आणि सूत तुटण्याचाही. सूत तुटलं की ते जोडायला धावणारी बहुतेक ठिकाणी बाई असते. ५ अंकांचा फरक तिच्या पायांना कळतो.

कोणाचा स्पर्श चालतो

सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. शहर मात्र यंत्रमागांवर चालत राहिलं. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबांनी इथे विणकाम रुजवलं, आणि सोलापुरी चादर हे नाव भौगोलिक मानांकन मिळवण्याइतकं मोठं झालं. धोट्याच्या मागावर मिनिटाला शेकडो वेळा नसला तरी सेकंदाला दोन-तीनदा तरी धोटा इकडून तिकडे फेकला जातो. त्याला धक्का देतो तो पिकर. तो फार कडक असेल तर धोट्याचं टोक फुटतं, फार मऊ असेल तर लवकर खड्डा पडून धोटा वाकडा उडतो. पूर्वी पिकर म्हशीच्या कच्च्या कातड्याचे असत, कातडं घडी घालून, दाबून, तेलात मुरवलेले. नंतर प्लास्टिकचे आले, जे शोर डी वर मोजतात. पिकर, धोटा आणि धक्क्याचा जोर यांची सांगड घालणारा माणूस म्हणजे जॉबर. तो आवाजावरून सांगायचा की पिकर गेला.

या ज्ञानाबद्दल मला मनापासून आदर आहे आणि हल्ली त्याबद्दल हळवं होऊन लिहायची पद्धतही आहे. पण एक गोष्ट विसरता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना काम मिळत नसे. कारण असं दिलं जाई की धाग्याचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडानं ओढावं लागतं आणि तो धोटा पुढच्या माणसाच्या तोंडाला लागतो. विणकाम खात्यात पगार जास्त होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. आता त्या मागाकडे पुन्हा बघा. धोट्याला धक्का देणारा पिकर कातड्याचा, सूत ओढणारा रोलर कातड्याचा. कातड्याचा स्पर्श यंत्राला चालत होता, कातडं कमावणाऱ्या जातींतल्या माणसाचा चालत नव्हता.

तपासणी जोवर स्पर्शावर चालते, तोवर कोणाचा स्पर्श ग्राह्य धरायचा हे कोणीतरी ठरवतं. जॉबरचा अंगठा खरा, बदली कामगाराचा नाही. जॉबर चुकला तर त्याला चूक म्हणायला काहीच हातात नसतं. ड्युरोमीटरनं हे सगळं दूर केलं असं मी म्हणणार नाही. यंत्र कोणाच्या कपाटात राहतं, आकडा कोण लिहितो, यातही सत्ता असतेच. ड्युरोमीटर हातानं दाबला तर दोन माणसांचे आकडे दोन-तीन अंकांनी वेगळे येतात, म्हणून तो स्टँडला लावून ठरावीक वजनानं टेकवायची पद्धत निघाली. पण फरक हा आहे की आकड्याशी भांडता येतं. ‘पुन्हा मोजा’ असं म्हणता येतं. ‘तुमचा अंगठा पुन्हा तपासा’ असं जॉबरला म्हणायची सोय नव्हती.

एकाच तुकड्यात दोन स्वभाव

१९९२ मध्ये सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू झाली. अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत तिचे कारखाने आहेत. तिच्या ग्राहकांत मारुती सुझुकी, ह्युंदाई, फोर्ड, जनरल मोटर्स अशी नावं आहेत आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला तो दांडा, ज्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात आणि बंद करतात. तुमची गाडी साध्या वेगात धावत असतानाही हे मिनिटाला हजाराहून अधिक वेळा होतं, आणि गाडी जिवंत असेपर्यंत व्हायला हवं.

इथे कठीणपणाचा प्रश्न सूतगिरणीपेक्षाही अवघड आहे. उंचवट्याचं टोक सतत घासलं जातं, म्हणून ते अत्यंत कडक हवं. पण सगळा दांडाच तितका कडक केला तर तो ठिसूळ होतो आणि लेथवर त्याला हातही लावता येत नाही. म्हणजे एकाच तुकड्यात दोन स्वभाव हवेत. चिल्ड कास्ट आयर्न हे त्याचं एक जुनं आणि हुशार उत्तर आहे. वाळूच्या साच्यात जिथे उंचवटा येणार तिथे लोखंडाचा तुकडा बसवतात, त्याला चिल म्हणतात. वितळलेलं बीड ओतलं की चिलला टेकलेला भाग झटकन थंड होतो. आतल्या कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही, तो लोखंडाशी बांधला जाऊन कडक कार्बाइड होतो. वाळूला टेकलेला भाग सावकाश थंड होतो, तिथे ग्राफाइट तयार होतं आणि बीड मऊ राहतं. धातू तोच, भट्टी तीच, फरक फक्त थंड होण्याच्या वेगाचा.

हे झालं आहे की नाही, डोळ्यांना कळत नाही. म्हणून दांडा कापून उंचवट्यावर रॉकवेल सी घेतात. साधारण ४५ ते ५० च्या आसपास किंवा वर अपेक्षा असते. आतल्या गाभ्यावर ब्रिनेल घेतात. एकाच वस्तूला दोन वेगळ्या पट्ट्या, कारण दोन वेगळे प्रश्न. टोकाला विचारायचं, झिजशील का? गाभ्याला विचारायचं, कापू देशील का?

आता जरा लांबून बघा. दूर देशातल्या इंजिन कारखान्यातल्या खरेदी विभागातला माणूस सोलापूरला कधी आलेला नसतो. इथली भट्टी त्यानं पाहिलेली नसते, ओतणाऱ्याचं नाव त्याला ठाऊक नसतं, त्याची भाषा येत नसते. जुन्या मिलचं सूत घेणारा व्यापारी निदान सूत बोटांत धरून, ताणून बघू शकत होता. याला ते शक्य नाही. त्याला एक कागद मिळतो, त्यावर आकडे आणि आकड्यांपुढे एचआरसी किंवा एचबी. त्या तीन अक्षरांवर तो इंजिन बांधतो. कोरड्या पट्ट्यातल्या एका जिल्ह्याच्या शहराला जगाशी बरोबरीनं बोलता येतं, त्यामागे स्वस्त मजुरी आणि धाडस तर आहेच, पण एक समान पट्टी आहे, हे क्वचित सांगितलं जातं.

पट्टीची पट्टी

मग पुढचा प्रश्न. सोलापूरचं यंत्र आणि त्या दूरच्या कारखान्यातलं यंत्र एकाच तुकड्याला ४८ म्हणेल हे कशावरून?

याचं उत्तर प्रत्येक प्रयोगशाळेच्या खणात असतं, डबीत ठेवलेला पोलादाचा एक गुळगुळीत ठोकळा. त्याच्यावर कोरलेलं असतं की याचा कठीणपणा इतका आहे. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी यंत्रानं तो ठोकळा मोजायचा. आकडा जुळला तर पुढे. तो ठोकळा त्याच्याहून चांगल्या यंत्रावर मोजलेला असतो, ते यंत्र आणखी वरच्या यंत्राशी ताडलेलं, आणि ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिथली यंत्रं इतर देशांच्या यंत्रांशी ताडली जातात.

ही यंत्रं बनवण्याचं काम महाराष्ट्रात कुठे होतं, हे कळल्यावर मला गंमत वाटली. देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि कारखान्यांत दिसणारी बरीच रॉकवेल आणि ब्रिनेल यंत्रं इचलकरंजी, जयसिंगपूर आणि मिरज या पट्ट्यात तयार झालेली असतात. इचलकरंजीच्या फ्युएल इन्स्ट्रुमेंट्स अँड इंजिनिअर्स या कंपनीचं छोटं नाव ‘एफआयई’ डायलवर अनेकांनी वाचलेलं असेल. इचलकरंजी म्हणजे सोलापूरसारखंच मागांचं शहर. तिथला पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये आणला. माग दुरुस्त करणाऱ्या हातांतून यंत्रं घडवणारे कारखाने उभे राहणं नवलाचं नाही. सतत मोडणारं यंत्र ज्यांच्या दारात असतं, ते कधीतरी स्वतःच यंत्र करायला लागतात.

तरीही ही साखळी थेट वर जाऊन कशाला टांगलेली आहे? मीटर प्रकाशाच्या वेगाला टांगलेला आहे, सेकंद सीझियमच्या अणूला. कठीणपणा निसर्गातल्या कशालाच टांगलेला नाही. एसआय पद्धतीत त्याचं एककच नाही. हाइनरिश हर्ट्झ, ज्याच्या नावानं आपण फोनच्या स्क्रीनचा रिफ्रेश रेट मोजतो, त्यानं १८८२ मध्ये कठीणपणाची निखळ, कोणत्याही यंत्रावर न विसंबणारी व्याख्या करायचा प्रयत्न केला. ती चालली नाही. केंब्रिजमध्ये डेव्हिड टेबरनं १९५१ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की धातूंचा खळग्यावरून काढलेला कठीणपणा हा धातू कायमचा वाकायला लागतो त्या ताणाच्या सुमारे तिप्पट असतो. म्हणजे धातूंत कठीणपणा हा बराचसा दुसऱ्याच गुणाचा वेश आहे. रबरात तो लवचिकपणाचा वेश आहे. काचेवरच्या ओरखड्यात आणखी तिसऱ्याच कशाचा तरी.

मग कठीणपणा असा काही आहे की नाही? माझं उत्तर असं की तो वस्तूत एकटा राहत नाही. तो वस्तू, टोक, भार आणि वेळ या चौघांच्या भेटीत असतो. टोक बदला, उत्तर बदलतं. म्हणून तो खोटा ठरत नाही. तो करार आहे, आणि करार पाळला जातो तोवर त्याच्यावर गाड्या धावतात, सूत एकसारखं निघतं, गॅसच्या नळीतली रबरी रिंग गळत नाही. करारातली एक अट गुपचूप गाळली की तोच आकडा फसवणूक होतो, मग तो टेम्पर्ड ग्लासच्या पाकिटावर असो किंवा कंपनीच्या रिपोर्टात.

आपल्याभोवती रोज नवे आकडे येतात. क्रेडिट स्कोअर, रेटिंग, पर्सेंटाईल, हवेची गुणवत्ता, ॲपनं दिलेला झोपेचा गुण. ते सगळे ब्रिनेलच्या गोळीची भावंडं आहेत. कुणीतरी एक टोक निवडलं, एक भार निवडला, आपल्यावर दाबलं आणि आत गेलेली खोली वाचली. त्यांना नावं ठेवून उपयोग नाही, कारण त्यांच्याआधीचं जग जॉबरच्या अंगठ्याचं होतं आणि तो अंगठा सगळ्यांसाठी सारखा नव्हता. पण रबराच्या अडीच मिलिमीटरच्या पिनला आपण जेवढे प्रश्न विचारतो, तेवढे या आकड्यांना विचारायला हरकत नसावी. पट्टी कोणती, टोक कोणतं, किती वेळ दाबलं, आणि पुन्हा मोजायला कोणाकडे जायचं.

दगडापेक्षा वीट मऊ आहे, हे आजीलाही ठाऊक होतं. किती मऊ, हे सांगायला दोनशे वर्षं आणि डझनभर यंत्रं लागली. आणि त्या सगळ्या यंत्रांनी उत्तराआधी एकच प्रतिप्रश्न केला, ‘कशानं दाबून बघायचंय?’